परत येण्याचा पुरावा

शिवराजनं आयुष्यात इंग्रजीतलं एकच वाक्य असं लिहिलं होतं, की लिहून झाल्यावर खुर्चीला टेकून ते पुन्हा वाचावंसं वाटलं. राजेश्वरच्या फाट्यावर त्याचं ऑनलाईन सेंटर आहे. पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा काढणं, आधारला मोबाईल जोडणं, स्कॉलरशिपचे फॉर्म, रंगीत झेरॉक्स, असला कारभार. त्यात इंग्रजी वाक्य लिहायची पाळी माणसावर येत नाही. एका चौकोनात नाव टाकायचं, दुसऱ्यात बापाचं नाव टाकायचं, झालं. पण मल्लेश्वरी अक्काच्या कॅनडाच्या व्हिसासाठी एक पत्र जोडायचं होतं, बाई तिकडे कशाला येतायत ते सांगणारं, आणि हुमनाबादच्या कॉलेजात बी.कॉम. झालेल्या या माणसाला एवढी मोकळी जागा पहिल्यांदाच मिळाली होती. अर्जदार बाईंच्या मागे घरी कसलाही पाश उरलेला नाही, तिकडे गरज असेपर्यंत त्या कितीही दिवस राहू शकतात, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. इंग्रजीत ते याहून भारदस्त दिसत होतं.

त्या वाक्यानं अक्काचा व्हिसा गेला.

शिवराजच्या मनात वाईट काही नव्हतं. खरं तर वाक्यही त्याच्या मनचं नव्हतं, लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही इकडची रीत. पण लेकीला येणं जमत नसेल आणि आईलाच लेकीकडे जावं लागलं, तर आई व्याह्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवता ठेवता सांगते की घरी काही अडलेलं नाही, तुम्ही म्हणाल तेवढे दिवस राहते, इकडची काळजी करू नका. तिच्या घरी ज्वारी उभी वाळत असली तरी ती हेच सांगते. घाईत असलेली बाई बाळंतिणीला काय शेक देणार, असं लोक म्हणतात. शिवराजनं कॅनडा सरकारला व्याह्याच्या जागी धरलं, एवढीच चूक.

मल्लेश्वरी अक्का त्याची थोरली चुलती. गावात लहान पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणतात, कारण तिचा दीर सिद्धलिंगप्पा, म्हणजे शिवराजचा बाप, तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत आला. ती अफजलपूरकडची, भीमेकाठच्या उसाच्या गावातून आलेली, आणि राजेश्वरला आल्यावर पहिली दोन वर्षं इथल्या पाण्याला चव नाही म्हणून कुरकुर करणारी. नंतर ती कुरकुर बंद झाली, आणि अक्का गाव सोडायचंच विसरली. उदगीरला लग्नाला गेली तरी अक्षता पडल्या की तिची नजर बसच्या फाट्याकडे लागायची. मुक्काम करणं तिला जमत नसे. परक्या घरी झोप लागत नाही, म्हणायची.

तिचा नवरा मल्लिकार्जुन, पोरगी शैलश्री बारावीला असताना गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला शेतातच, तुरीच्या पट्ट्याच्या कडेला बसवून समाधी दिली. वर हातभर उंचीचा सिमेंटचा ओटा केला. तेव्हापासून दर अमावस्येला अक्का तिथं दिवा लावते आणि गावातल्या बातम्या सांगते. या बातम्या बऱ्याचशा तक्रारी असतात, आणि त्यातल्या निम्म्या सिद्धलिंगप्पाविषयी, असं सिद्धलिंगप्पाच सांगतो.

अक्काचं गावात नाव होतं ते हातासाठी. सुईण नव्हे, बाळंतपणं तर आता हुमनाबादच्या दवाखान्यात होतात. पण बाळंतीण घरी आली की पहिलं न्हाणं अक्काच्या हातचं. भावकीतल्या एकूण एक पोराला तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलंय, शिवराजलाही. तो ऐन गिऱ्हाइकांत बसून इंग्रजी झाडायला लागला की अक्का सगळ्यांसमोर आठवण करून द्यायची, की तुझं डोकं जन्मताना दुधीभोपळ्यासारखं लांबडं होतं, ते मी तेल लावून गोल केलंय, जपून वापर.

अशा बाईच्या एकुलत्या लेकीचं बाळंतपण कॅनडात निघालं. शैलश्री आणि तिचा नवरा बसवेश टोरांटोजवळ कुठंतरी एका घराच्या तळघरात भाड्यानं राहत होते. दोघांचे तिकडचे कायमचे कागद अजून व्हायचे होते, ते होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. बसवेशला आई नाही. आदल्या वर्षी शैलश्रीचं पहिलं पोटातलं सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा ती दवाखान्यातून घरी आली आणि बसवेश दोन दिवसांत कामावर गेला. तळघरात एकटीनं ती भिंतीकडे बघून पडायची, आणि फोनवर आईला नुसतं, "अव्वा, जेवले मी," एवढंच सांगायची. अक्काला त्यातलं अक्षर खरं वाटायचं नाही. या खेपेला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा अक्का हरखली नाही. म्हणाली, "आता मी जायलेय."

आणि तयारीला लागली. आधी तिनं म्हैस विकली. म्हैस आप्पारावानं घेतली, शेजारच्याच गल्लीतला, म्हणजे लांब कुठं गेली नाही. पण जायचं तर मागं हंबरणारं काही ठेवायचं नाही, हा अक्काचा हिशेब होता. नळाची पाळी शेजारणीला दिली. चुलीला सारवण घातलं, दिवाळीलाही घालत नव्हती तसं. हुमनाबादहून कॅनव्हासचे बूट आणले आणि इरकली लुगड्यावर ते घालून रोज सकाळी बांधावरून चालायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी आप्पारावाच्या कुत्र्यानं तिला ओळखलं नाही. शिवराजनं त्याचा व्हिडिओ काढून शैलश्रीला पाठवला. ती बऱ्याच दिवसांनी हसली म्हणे.

डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांचे धुवून धुवून मऊ झालेले तुकडे, दोन कुंच्या आणि एक गोधडी. यातलं काय विमानात चालतं आणि काय काढून टाकतात यावर गावात प्रत्येकाचं वेगळं मत होतं, आणि मत देणाऱ्यांपैकी हैद्राबादच्या पलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. एका गोष्टीविषयी मात्र कुणी मत दिलं नाही. अक्का मठात जाऊन स्वामींकडून होणाऱ्या बाळासाठी लिंग घेऊन आली होती. बाळ जन्मलं की त्याच्या अंगावर लिंग बांधायचं, आणि त्याला कळायला लागेपर्यंत आईनं ते सांभाळायचं, ही रीत. लिंग बॅगेत टाकायचं नसतं, भुईला टेकवायचं नसतं. म्हणून अक्कानं ते पांढऱ्या फडक्यात बांधून स्वतःच्या लिंगाशेजारी गळ्यात घातलं. तिकडं पोचेपर्यंत ते तिच्या अंगावर राहणार होतं.

पत्र लिहायच्या दिवशी ती सेंटरमध्ये शिवराजच्या शेजारी स्टूल ओढून बसली. तो टाईप करत होता तेव्हा तिला एक गोष्ट आठवली. "शिवा, त्याच्यात लिही, मालकाची समाधी हाय शेतात. अमुशेला दिवा लावाय लागतंय. मी तिकडं असताना सिद्धलिंग लावील म्हन, पर पुढं मलाच याय लागतंय म्हन."

शिवराज हसला. असलं लिहीत नसतात, तो म्हणाला. "अक्का, ते सरकार हाय, मठ न्हाई." आणि समाधीच्या जागी आपलं ते भारदस्त वाक्य टाकलं.

मिरगाच्या आसपास बोटांचे ठसे द्यायला दोघं हैद्राबादला गेले. राजेश्वरच्या फाट्यावरून बस, पुढं रिक्षा. अक्कानं बाळंतपणाची अख्खी पिशवी बरोबर घेतली होती. तिकडची माणसं भेटणारच आहेत तर काय न्यायला चालतं ते एकदाच दाखवून विचारून घेऊ, असा तिचा बेत. काचेच्या इमारतीच्या दारातच पहारेकऱ्यानं पिशवी अडवली, आणि गळ्यातलंही काढून ठेवायला सांगितलं. अक्कानं छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. पण आतून एक वयस्क पहारेकरी आला, त्यानं अक्काकडे बघून नुसतं "शरणु" म्हटलं आणि तिला सोडलं. तो बिदरकडचा निघाला. पिशवीला मात्र त्याच्याकडेही इलाज नव्हता.

रस्त्यापलीकडे निंबाच्या झाडाखाली प्लास्टिकचं टेबल मांडून एक बाई लोकांच्या पिशव्या सांभाळत होती. सगळे तिला खाला म्हणत. पिशवीला चिठ्ठी लावायची आणि पैसे घ्यायचे, असा धंदा. दोघं ठसे देऊन परत आले तेव्हा खालानं पिशवी मांडीवर घेतलेली होती. वरून कुंची बाहेर आली होती ती तिनं घडी घालून आत ठेवली होती. अक्काला दख्खनी चांगली येते, हुमनाबादच्या बाजारात भाव करून करून आलेली. दोघी बोलत बसल्या. खालाला चार लेकी, थोरली सौदीत, जेद्द्यात. तिच्या बाळंतपणाला खालाला जाता आलं नव्हतं. पिशवीत खमंग वास कशाचा येतोय, असं तिनं विचारलं. तो शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळीचा होता, पण पोळ्या शिवराजनं बसमध्येच संपवल्या होत्या, उरला होता तो नुसता वास. अक्काला फार वाईट वाटलं. शिवराजकडं तिनं असं बघितलं, की त्याला ते जन्मताचं लांबडं डोकं आठवलं.

खालानं पैसे घेतले नाहीत. व्हिसा झाला की पासपोर्ट द्यायला इथंच परत यावं लागतं, हे तिला त्या काचेच्या इमारतीतल्या माणसांइतकंच पाठ होतं. "फिर आते ना तुम, अम्मा? तब वो मीठी रोटी लाओ. पैसे नक्को."

"लाती," अक्का म्हणाली. "पक्का लाती."

खालानं त्यावर चिठ्ठी मागितली नाही.

नागपंचमी झाली आणि नकाराचा मेल आला. शिवराजनं तो सेंटरमध्ये एकट्यानं वाचला, मग एका गिऱ्हाइकाची पहाणी काढून दिली, मग पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, की भेटीचं कारण आणि मायदेशातले पाश बघता अर्जदार मुदत संपल्यावर देश सोडून जाईल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही. पाश हा शब्द वाचताना त्याला आपलं वाक्य आठवलं. ते आता तसं भारदस्त वाटेना.

अक्का अंगणात लसूण सोलत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. अक्काला आधी ऐकण्यात चूक झालीसं वाटलं.

"मी परत येनार न्हाई म्हनायलेत?"

"तसं न्हाई. खात्री न्हाई म्हनायलेत."

अक्का खुदकन हसली. उदगीरला एक रात्र न राहणारी आपण, आणि आपल्याविषयी कुणीतरी साता समुद्रापलीकडे बसून असं म्हणतंय, याची तिला खरोखरच गंमत वाटली. मग हसू ओसरलं आणि तिनं विचारलं, "तू काय लिहिला होतास?"

शिवराजनं वाक्य मराठीत सांगितलं. आता शिव्या बसतील म्हणून तो थांबला.

"बरोबर लिहिलास की," अक्का म्हणाली. "आपल्यात असंच बोलतेत."

हे शिव्यांपेक्षा अवघड झालं. आता चूक काय ते त्यालाच समजावून सांगावं लागलं. त्या लोकांना पाहुणा यायचा असतो तो जायची घाई असलेला, त्यानं आधी परतीची ओढ दाखवायची असते, मागं किती गुंतलंय ते सांगायचं असतं. अक्का हातातली लसणाची पाकळी तशीच धरून ऐकत राहिली.

"म्हंजे लेकीच्या बाळंतपनाला जायलेय, आन मला घाई हाय म्हनून सांगायचं?"

"व्हय."

"कसं सांगतेत रे असं?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच तिला ते सांगायची रीत माहीत नव्हती.

मग दुसरा अर्ज. पुरावे गोळा करायचे, तर एकेक पुरावा अक्कानं जाण्याच्या तयारीत स्वतःच्या हातानं संपवलेला. म्हैस विकलेली. शिवराजनं आप्पारावाच्या दावणीला जाऊन अक्काला त्याच म्हशीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. म्हशीनं अक्काचा हात चाटला, त्यामुळे फोटो खोटा आहे असं कुणालाच म्हणता आलं नसतं. आप्पाराव मात्र बाजूला उभा राहून दोनदा म्हणाला, की फोटो घ्या पण म्हैस माझी आहे हे लक्षात ठेवा.

जमीन पाहिली तर पहाणीवर सिद्धलिंगप्पाचं नाव. भावांची वाटणी कधी झालीच नव्हती. कागदाशिवाय चाललं होतं, म्हणून चाललं होतं. सिद्धलिंगप्पा सेंटरमध्ये आला, चष्मा पुसला, निम्मी जमीन वहिनीची असल्याच्या पत्रावर सही केली, आणि उठताना जरा चिरक्या आवाजात म्हणाला, की या निमित्तानं वाटणीच झाली म्हणायची. घरी गेल्यावर शिवराजची आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. शिवराजशी आठवडाभर.

समाधीचाही फोटो घेतला. अक्का ओट्यावर दिवा ठेवताना, मागं तूर. शिवराजनं त्याखाली इंग्रजीत सगळं लिहिलं, अमावस्या, दिवा, मल्लिकार्जुन, काही सोडलं नाही. या खेपेला त्याची भाषा साधी होती. ठसे पुन्हा द्यायचे नव्हते, म्हणून हैद्राबादला जायचं कारण पडलं नाही. अक्कानं तरी विचारून घेतलं, "म्हंजे त्या बाईकडं आता पासपोर्ट द्यायलाच जायचं?" आणि शेंगा निवडून, भाजून डब्यात भरून ठेवल्या. ऐन वेळी धांदल नको.

वाट बघण्याचे ते महिने अक्कानं कसे काढले हे शिवराजला नीट सांगता येत नाही, कारण तो घराचं मागचं दार वापरायला लागला होता. पुढच्या दारानं गेलं की अक्काचं अंगण लागायचं. ती विचारायची नाही काही, नुसतं बघायची. एकदा तिनं त्याला बोलावून सांगितलं, की सातवा सरला. एवढंच. त्या दिवशी तिनं मठात जाऊन माथा टेकला आणि पायीच परत आली, कॅनव्हासचे बूट घालून.

शैलश्री रोज फोन करायची. पोटाचा घेर, खोलीतली थंडी, डॉक्टरनं काय सांगितलं. आई कधी येणार हे तीही विचारत नव्हती. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या, आणि त्यात मधला माणूस म्हणजे शिवराज चिरडला जात होता, असं त्याचं स्वतःविषयीचं म्हणणं. तळघराच्या खिडकीतून तिकडच्या लोकांचे फक्त पाय दिसतात, एवढं एकदा शैलश्रीनं सांगितलं. अक्काला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर दुसरा नकार आला. शिवराजनं दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून बघितले. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. म्हैस नाही, समाधी नाही, सिद्धलिंगप्पाची सही नाही, कशाचा उल्लेखसुद्धा नाही. कलबुर्गीतला एक एजंट म्हणाला की पहिल्या नकाराचा डाग राहतो, मागाहून कितीही पुरावे लावा, आधी तुम्हीच पाश नाहीत म्हणून लिहून दिलंय. शिवराजला हे कुणीतरी तोंडावर म्हणायला हवंच होतं. एजंटनं त्याचे पैसेही घेतले.

या वेळी अक्का हसली नाही. चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आता किती दिवस राहिले?" तिलाच माहीत होतं.

बाळ तिकडच्या पहाटे आलं. इकडं दुपार होती. मुलगी. बसवेशनं फोन धरला होता. नर्स बाळाला ओल्या कपड्यानं पुसत होती. अक्का सेंटरमध्येच होती, शिवराजच्या मोठ्या स्क्रीनवर बघत. झेरॉक्सला आलेले दोघं तिघं मागं उभे राहिले. "अंगुळ न्हाई घालायले?" अक्कानं विचारलं. बसवेश म्हणाला की इथं लगेच घालत नाहीत. "बरं," अक्का म्हणाली. तिचे हात मांडीवर होते, आणि बाळ पायावर घेतल्यासारखे तळवे आपोआप वर झालेले. शिवराजनं ते पाहिलं आणि स्क्रीनवरचा आवाज कमी-जास्त करत राहिला, उगीच.

पुढचे दिवस अक्का रोज दोन्ही वेळा फोन लावायची. टाळू भरलीस का. ओवा घातलेलं पाणी पितेस का. पोट बांधलीस का. बाळाला घुटी, बाळाच्या भुवया, बाळाचं डोकं कुठल्या कुशीवर. तळघरात ओवा नव्हता. बसवेशला रजा नव्हती. शैलश्री आधी व्हय व्हय करायची. मग एका सकाळी तिनं बाळ बाजूला ठेवलं, कॅमेऱ्यात तिचा अर्धाच चेहरा येत होता, आणि ती आईला म्हणाली, "अव्वा, तू रोज करू नको फोन. तुला बघितलं की रडू येतंय. रडलं की दूध येत न्हाई."

"बरं," अक्का म्हणाली.

"जमायलंय मला."

"व्हय. जमतंय."

अक्कानं फोन ठेवला. मग शिवराजला विचारून घेतलं, की आता नेमक्या कुठल्या वारी केला तर चालेल. शैलश्रीनं वार सांगितला नव्हता. शिवराजनं रविवार म्हणून सांगून टाकलं. तेव्हापासून रविवार.

लाडू अक्कानं वाटून टाकले. आप्पारावाची सून बाळंतीण होती, तिला बरेचसे गेले. कुंच्याही तिच्याच बाळाला. त्याचं न्हाणं करायला मात्र अक्का गेली नाही. हाताला चमक भरलीय म्हणाली. गावानं ते खरं मानलं, निदान तोंडावर तरी. गोधडी तेवढी तिनं ठेवली. बूट तुरीच्या शेतात काट्यांसाठी बरे पडतात, ते वापरते. प्रवासासाठी घेतलेल्या बॅगेत सिद्धलिंगप्पानं बियाणं भरून ठेवलंय, उंदीर लागत नाहीत म्हणून.

आणि बाळाचं लिंग तिच्या गळ्यातच आहे. हुमनाबादचा एक पोरगा टोरांटोला शिकायला निघाला होता, त्याच्याबरोबर पाठव, असं शिवराज सुचवून बसला. पोरगा ते गळ्यात घालून नेईल का, अक्कानं विचारलं. शिवराजनं पोराला विचारलं, पोरगा चांगला, पण म्हणाला बॅगेत नेतो. अक्का नको म्हणाली. स्वामींनीही सांगून पाहिलं, लेक गावी येईल तेव्हा बांध. लेकीचे कागद कधी होणार हे स्वामींना माहीत नव्हतं, शैलश्रीलाही माहीत नव्हतं. तोवर सकाळची पूजा करताना अक्का दोन लिंगं हातावर घेते, आधी स्वतःचं, मग ते दुसरं. दुसऱ्याला ती थोडा जास्त वेळ देते.

येळवसेच्या सणाला सगळे शेतात जेवायला गेले. पालेभाज्यांची भज्जी, आंबील, सज्जाच्या म्हणजे बाजरीच्या भाकरी, आणि अक्कानं डब्यातल्या त्या भाजून ठेवलेल्या शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. अमावस्याच ती, म्हणून समाधीवर दिवा लावला. या खेपेला तिनं बातम्या सांगितल्या नाहीत, सिद्धलिंगप्पानं कान देऊन बघितलं. शिवराज तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिसरा अर्ज करू, तो म्हणाला, बाळाच्या वाढदिवसाला म्हणून. आता नीट लिहितो.

अक्कानं वात सारखी केली. "काय लिहिशील?"

शिवराजनं मोबाईल काढला, दोन शब्द टाईप केले आणि खोडले.

"राहू दे," ती म्हणाली. "लेकीकडं जायची घाई हाय का म्हनून मला कुणी विचारलंच न्हाई. परत येयाची घाई हाय का, तेवढंच विचारायलेत."

जेवणं झाल्यावर तिनं पाच-सहा पोळ्या केळीच्या पानात गुंडाळून, वर फडकं बांधून शिवराजच्या हातात दिल्या. हैद्राबादच्या त्या बाईला दे. मी येते म्हनून सांगितलं होतं तिला. आता मी तर काय जायले न्हाई, तू जाशील तवा दे. शेंगापोळी महिनाभर टिकते, घाई नाही.

शिवराजनं पुडकं सेंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. हैद्राबादला जाण्याचं काम निघेना. फाट्यावरून बस दिवसातून कितीदा जाते, पण खास पोळ्या द्यायला कोण जातं. चहाबरोबर त्यानं एक खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात दुसरी. संक्रांतीपर्यंत फडकं तेवढं राहिलं, ते त्यानं धुवून अक्काला परत केलं.

"दिलास का?" अक्कानं विचारलं.

"द्यायचंय," शिवराज म्हणाला.

अक्कानं फडकं झटकलं, वाळत घातलं, आणि शेंगांचा डबा काढून पुन्हा भाजायला बसली.